पटावरची मुलं आणि निकालातली मुलं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जिल्हा परिषदेच्या प्रत्येक प्राथमिक शाळेत एक जाडजूड वही असते. तिला आम्ही शिक्षक जनरल रजिस्टर म्हणतो. मुख्याध्यापकांच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, कापडात बांधून ठेवलेली. शाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते. नाव, आईचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, शाळेत दाखल झाल्याची तारीख आणि अगदी शेवटी शाळा सोडल्याची तारीख व कारण. शाळेतला दुसरा कुठलाही कागद गहाळ झाला तर फार तर नोटीस येते. हे रजिस्टर गहाळ झालं तर निम्म्या गावाचं वय आणि जात दोन्ही हरवतं. आजही आजोबांचा उतारा शोधत नातू शाळेच्या दारात येतो.

मी आयुष्यभर मराठवाड्यात प्राथमिक शिक्षकाची नोकरी केली. शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख म्हणून आसपासच्या दहा-बारा शाळा पाहिल्या. शाळेची गुणवत्ता कशी आहे असं कुणी विचारलं की आपण सारे प्रगतिपत्रकाकडे धावतो. किती मुलांना वाचता येतं, किती मुलांना भागाकार येतो, शिष्यवृत्तीत किती बसले आणि किती आले. हे पाहायला हवंच. पण प्रगतिपत्रक उघडण्याआधी जनरल रजिस्टर उघडावं, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं मत झालं आहे. मुलं कोण आहेत हे कळल्याशिवाय ती किती शिकली हे कळत नाही.

जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. त्या काळातली पानं चाळली तर एकाच पानावर अख्खं गाव सापडतं. पाटलाचा मुलगा, त्याच्याच सालगड्याचा मुलगा, दुकानदाराची मुलगी, सुताराचा, तांड्यावरचा, दलित वस्तीतला. ती काही समतेची नंदनवनं होती असं मी म्हणणार नाही. बसायच्या जागा वेगळ्या होत्या, पाण्याचं मडकं वेगळं होतं, आणि मुली पहिलीत दिसायच्या त्या चौथीत दिसायच्या नाहीत. पण शाळेचं छत गळलं तर पाटलाच्या मुलाच्या डोक्यावरही गळायचं, आणि मास्तर दोन दिवस आले नाहीत तर ते पाटलाच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी समजलेलं असायचं. ही फार मोठी गोष्ट होती. कुठल्याही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीपेक्षा मोठी.

मग रजिस्टरची अलीकडची पानं पाहावीत. २००० सालच्या जूनपासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला, पण तोवर तालुक्याच्या गावात इंग्रजी शाळांचे फलक लागू लागले होते. हळूहळू त्यांच्या पिवळ्या गाड्या गावाच्या वेशीपर्यंत आल्या. आधी गेला तो आमचा, म्हणजे नोकरदारांचा मुलगा. मग सरपंचाचा, मग बागायतदाराचा, मग ज्याने दोन म्हशी विकल्या त्याचा. शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात एकच वाक्य ओळीने दिसतं : पालकांच्या विनंतीवरून. दुसरं एक कारण आहे ते रकान्यात कधी लिहिलं जात नाही. एकाच घरातला भाऊ पिवळ्या गाडीत बसतो आणि बहीण चालत आमच्या शाळेत येते. सरकारी शाळांत मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त राहतं, हे देशभरच्या पाहण्यांतही दिसतं. मुलीचं शिक्षण वाढलं म्हणून आपण आनंद मानतो. त्यातला थोडा आनंद फी वाचल्याचाही असतो.

पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. पाच वर्गांना दोन शिक्षक, त्यातला एक निवडणुकीच्या यादीच्या कामावर आणि दुसरा खिचडीच्या तांदळाचा हिशेब लिहिण्यात गुंतलेला, हे गावाला दिसतं. माझी स्वतःची दोन्ही मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत शिकली. सकाळी त्यांना गाडीत बसवून मी मोटारसायकलवर माझ्या शाळेत जात असे आणि पालकसभेत मराठी शाळेचं महत्त्व सांगत असे. ऐकणारे सभ्य होते, कुणी काही विचारलं नाही.

आता एक साधं गणित करू. समजा, एका वर्गात तीस मुलं आहेत. त्यातल्या दहा मुलांच्या घरी आईवडील शिकलेले, संध्याकाळी अभ्यास घेणारं कुणीतरी आहे. चाचणीत या दहा मुलांना सरासरी ८० गुण पडतात. उरलेल्या वीस मुलांना सरासरी ५०. वर्गाची सरासरी आली ६०. पुढच्या चाचणीपर्यंत त्या दहांपैकी आठ मुलं इंग्रजी शाळेत गेली. बाई जिद्दीच्या. त्यांनी उरलेल्या वीस मुलांवर मेहनत घेतली आणि त्यांची सरासरी ५० वरून ५३ वर नेली. वर्गाची सरासरी आता किती? साधारण साडेपंचावन्न. बाईंनी वीस मुलांना पुढे नेलं, आणि कागदावर शाळा साडेचार गुणांनी खाली गेली. तिकडे इंग्रजी शाळेला आयती ऐंशी गुणांची आठ मुलं मिळाली. तिने अजून फळ्यावर एक अक्षरही काढलेलं नाही, पण तिचा निकाल चांगला आहे.

हा खेळ आकड्यांचा आहे, पण त्यावर गावाचं मत बनतं. निकाल घसरला म्हणून आणखी दोन मुलं जातात. ती गेली म्हणून निकाल आणखी घसरतो. मी पाहिलेल्या बहुतेक शाळा अशाच रिकाम्या झाल्या. त्यातल्या काही शाळांतले शिक्षक खरोखर कामचुकार होते, हेही सांगायला हवं. अडचण ही की चांगल्या शाळेचा आणि वाईट शाळेचा आकडा सारखाच दिसतो.

घर महत्त्वाचं की शाळा, हा वाद जुना आहे. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार सरकारने एक मोठी पाहणी करवली. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नावाने तिचा अहवाल ओळखला जातो, तो १९६६ साली आला. सुमारे सहा लाख मुलांची चाचणी घेऊन निघालेला निष्कर्ष सगळ्यांना चक्रावणारा होता. इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांतल्या फरकापेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती त्याच्या गुणांशी जास्त जोडलेली निघाली. आणि शेजारच्या बाकावर कोण बसतं याचाही परिणाम दिसला. तेव्हापासून जगभरातल्या आळशी माणसांना एक सबब मिळाली : घरच असं, तर शाळा काय करणार? आमच्या शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य मी रोज ऐकलं आहे. कोलमनचं नाव न ऐकलेल्या माणसांच्या तोंडून.

पण पुढे १९८३ साली हाइनमन आणि लॉक्सली या दोन संशोधकांनी २९ देशांची आकडेवारी तपासली. श्रीमंत देशांत घराचं पारडं जड होतं. देश जितका गरीब, तितका मात्र शाळेचा आणि शिक्षकाचा प्रभाव मोठा. याचं कारण आपल्याला पुस्तकात शोधावं लागत नाही. ज्या घरात कॅलेंडरखेरीज छापील कागद नाही, त्या घरातल्या मुलाला अक्षर भेटतं ते फक्त शाळेत. शाळेने नाही दिलं तर दुसरं कुणी देणारं नाही. म्हणजे आमच्याकडे उरलेली मुलं हीच ती मुलं आहेत, ज्यांच्यासाठी शाळा चांगली की वाईट याने सर्वांत जास्त फरक पडतो. वर्गातली हुशार मुलं निघून गेली, आता शिकवून काय उपयोग, असं म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे पुष्कळदा सांगितलं. एकदोघांना पटलं.

आता ऊसतोडीकडे येतो, कारण आमच्या भागात ते टाळून पटाविषयी बोलताच येत नाही. बीड जिल्हा, अहिल्यानगरचा पाथर्डीचा भाग, जालना, परभणी इथली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, काही कर्नाटकात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते. बरोबर लेकरं जातात. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, कोपीत भाकरी टाकते. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा झाला की तो अर्धा कोयता. परत येणं पाडव्याच्या आसपास किंवा त्याही नंतर, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर.

आपण हिशेब करू. जूनच्या मध्याला शाळा सुरू. ऑक्टोबरअखेर कुटुंब निघालं. गणपती-पोळा वजा जाता वर्षाला चार महिने शाळा मिळाली. पहिली ते पाचवी मिळून वीस महिने. आणि शाळेचं एक वर्ष साधारण दहा महिन्यांचं. म्हणजे पाचवीच्या बाकावर बसलेल्या त्या मुलीला प्रत्यक्षात दोनच वर्षांचं शिक्षण मिळालेलं आहे. ती पाचवीत बसलेली दुसरीची मुलगी आहे. 'असर' नावाची पाहणी २००५ पासून खेड्यापाड्यांतल्या मुलांना घरी जाऊन वाचायला लावते. ग्रामीण भारतात पाचवीतल्या किती मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो? २०१८ साली ५०.५ टक्के. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर २०२२ साली ४२.८ टक्के. २०२४ साली ४८.८ टक्के. वर्तमानपत्रांत हा आकडा आला की मास्तरांच्या पगारावर अग्रलेख येतात. माझं म्हणणं एवढंच, की न वाचता येणाऱ्या मुलांमध्ये मास्तर न आलेली किती, आणि स्वतः मूलच शाळेत नसलेली किती, हे वेगळं मोजा. खाजगी शाळांचा आकडा सरकारी शाळांपेक्षा वर असतो हे खरं. पण आईवडिलांचं शिक्षण, शिकवणी वगैरे गोष्टी हिशेबात धरल्या की हे अंतर बरंच आक्रसतं, हे 'असर'च्याच अहवालांत मांडलेलं आहे. तेवढं पान सहसा कुणी छापत नाही.

शासनाने काही केलं नाही असं नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. नंतर हंगामी वसतिगृहं आली : आईवडील गेले तरी मूल गावातच राहावं, आजीजवळ झोपावं, शाळेत जेवावं. जिथे ती नीट चालली तिथे मुलं थांबली. पण वयात येणाऱ्या मुलीला मागे ठेवायला आई धजत नाही, आणि आजी स्वतःच थकलेली असते. काही वर्षी अनुदान हंगाम निम्मा झाल्यावर येई. भुकेलेलं मूल आणि न आलेला निधी यांची गाठ घालून द्यायची जबाबदारी अर्थातच मुख्याध्यापकाच्या उधारीच्या खात्यावर.

एक प्रसंग सांगतो. एप्रिलचा महिना होता. नुकतीच फडावरून परतलेली एक मुलगी चौथीच्या वर्गात बसली होती. हातावर पाचटाने चिरल्याच्या रेघा. मी फळ्यावर हातच्याची वजाबाकी मांडली, ४० उणे २७. तिला पुढे बोलावलं. खडू धरून ती उभी राहिली, एकदा फळ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत. मुलं हसली. मी तिला विचारलं, "मुकादमाकडून उचल किती घेतली होती गं?"

"चाळीस हजार, गुर्जी."

"फिटली किती?"

"सत्तावीस."

"मग राहिले किती?"

"तेरा," ती तिथल्या तिथे म्हणाली, "अन् ते पुढल्या साली कापून घेत्यात."

फळ्यावरचं गणित तेच होतं. तिला वजाबाकी येत होती, वजाबाकीचं लिहिणं येत नव्हतं. ते शिकवायला मला फार तर पंधरा दिवस लागले असते. पण तो पंधरवडा वार्षिक परीक्षेचा होता. शिवाय त्याच आठवड्यात शाळेची तपासणी लागली होती. आणि मी काय केलं तेही सांगतो, कारण ते सांगण्यासाठीच खरं तर हा विषय मी निवडला. फडावरून परतलेल्या सगळ्या मुलांना मी तपासणीच्या दिवशी घरी राहायला सांगितलं. आज सुट्टी आहे म्हणालो. बाकीच्या मुलांनी धडाधड उत्तरं दिली, साहेबांनी शेरेबुकात चांगला शेरा लिहिला. जाताना मी त्यांना वेशीपर्यंत सोडायला गेलो, तर ती मुलगी पाराजवळ धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिने मला हात जोडून नमस्कार केला. तिला सुट्टीचं खरं कारण कळलं होतं की नाही, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

या मुलांना शिकवता येत नाही, ही समजूत खोटी आहे याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत 'बालसखी' नावाचा प्रयोग झाला. वस्तीतलीच एक दहावी-बारावी झालेली तरुणी, वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं, आणि दिवसाचे साधारण दोन तास. इयत्तेचं पुस्तक बाजूला ठेवून, मूल जिथे आहे तिथून वाचन आणि गणित सुरू करायचं. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या प्रयोगाचं मोजमाप केलं. मागे असलेल्या मुलांची प्रगती लक्षणीय निघाली. इमारत नवी नव्हती, संगणक त्यासाठी लागला नव्हता. मुलाच्या इयत्तेऐवजी मुलाकडे पाहिलं गेलं, इतकंच. आमच्या शाळांत मात्र पाचवीच्या मुलाला पाचवीचंच पुस्तक, कारण अभ्यासक्रम पूर्ण केल्याची टाचणवही तपासली जाते.

पटाची गोष्ट इथे पुन्हा येते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. शिक्षक कमी झाले की उरलेले पालकही निघतात. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांवर असल्याचं सांगितलं गेलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला. वीस मुलांना पाच इयत्ता मिळून दोन शिक्षक, हे शिकण्यासाठी आदर्श नाही, हे मी मान्य करतो. मोठ्या शाळेत मित्र मिळतात, ग्रंथालय मिळतं. पण ओढ्यापलीकडच्या शाळेत कोण जाणार नाही, याची यादी मी त्या शाळा न पाहताही देऊ शकतो. त्यात पहिलं नाव मुलीचं असेल. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. शाळाच लांब नेली तर दंड कुणी कुणाला करायचा?

याच कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. न्यायालयाचं बरोबरच होतं. ज्या गरीब मुलाला त्या बाकावर बसायचा हक्क मिळाला तो काढून घेणं वाईट. तरी एक गोष्ट मनात राहते. संगणकावर अर्ज भरायचा, उत्पन्नाचा दाखला काढायचा, सोडतीची तारीख लक्षात ठेवायची, हे ज्या गरीब बापाला जमतं तो गरिबांतला जरा सावध बाप असतो. त्याचंही मूल आमच्या शाळेतून जातं. फडावर असलेल्या बापाला अर्जाची मुदत कधी संपली हे कळतच नाही.

त्या तपासणीनंतरच्या वर्षी मी एक गोष्ट केली. वार्षिक निकालाचा तक्ता पाठवताना त्याला एक कागद जोडला. पट्टीने रेघा मारून त्यावर तीन रकाने पाडले होते. वर्षभर शाळेत असलेली मुलं किती आणि त्यांचा निकाल काय. मधले काही महिने स्थलांतरित असलेली मुलं किती आणि त्यांचा निकाल काय. आणि वर्षात शाळा सोडून गेलेली किती, जाताना ती कोणत्या पातळीवर होती. या खेपेला एकाही मुलाला मी घरी बसवलं नव्हतं. शाळेचा एकत्रित निकाल अर्थातच आदल्या वर्षीपेक्षा खाली आला होता. पण रकाने वेगळे वाचले तर वर्षभर बसलेली मुलं पुढे सरकलेली होती, आणि फडावरून आलेल्यांपैकी काही उतारा वाचू लागली होती.

कार्यालयातल्या लिपिकाने कागद उलटसुलट करून पाहिला. माणूस चांगला होता, माझ्या ओळखीचा. म्हणाला, "गुरुजी, हा कोणत्या नमुन्यात बसतो?"

मी म्हणालो, "कोणत्याच नाही. मीच आखलाय."

"मग मी तो कुठे लावू?" त्याने विचारलं, आणि टाचणी काढून कागद माझ्या हातात परत दिला. तो अजून माझ्याकडे आहे.